बिनदोऱ्याची बंदूक

"चहा राहू द्या. आधी आक्काला हार घालतो," संपतराव म्हणाले, आणि माझ्या हातातली कपबशी माझ्याच हातात राहिली.

दरवर्षी हेच. दसऱ्याच्या तोंडावर संपतराव जगदाळे वडगावहून कोल्हापूरला आमच्याकडं यायचे आणि चपला काढायच्या आधी भिंतीकडं बघायचे. भिंतीवर कोण? तर माझी सवत, शालन. फोटोत दोन्ही खांद्यांवरून पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि चेहरा असा शांत की बघूनच माझं डोकं उठायचं. फोटोच्या शेजारी दोन खुंट्यांवर आडवी तिच्या बापाची बंदूक. संपतराव तिचे धाकटे भाऊ. फोटोला हार घालायचे, बंदुकीला हात लावून तो कपाळाला लावायचे, मग कुठं मागं वळून म्हणायचे, "हां, आणा." तोवर चहावर साय धरलेली. मला वहिनी नाही, ताई नाही. नुसतं 'आणा'.

मी वेणू. भुजंगराव इंगवल्यांची दुसरी बायको. नवऱ्याचं नाव एकदा घेतलं तेवढं पुरे, पुढं 'हे' म्हणते. शालन काविळीनं गेली आणि दुसऱ्या वर्षी मी ह्या घरात आले. आले ती गळ्यात तिच्या नावाचा, दुसरीनं घालायचा चांदीचा टाक बांधूनच. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ती पण मीच. तिला आवडायची म्हणून कडबोळी तळायची, तीही मीच. मूलबाळ तिला झालं नाही, मलाही नाही. तेवढ्या एका बाबतीत आमची बरोबरी, बाकी सगळीकडं ती पुढं आणि मी मागं. आता म्हातारपणी लपवून काय करू? मी जळायचे तिच्यावर. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हो, तेच तर दुखणं. ह्या घरात तिच्याइतकी माझी किंमत कधी होणार, एवढंच मला हवं होतं आणि ते विचारायचं कुणाला?

तर त्या वर्षी संपतरावांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "दाजी, औंदा बंदूक न्यायला आलोय."

हे कानशीच्या दांड्याला चिंधी गुंडाळत होते. हात थांबला.

"पुण्यात नवं संग्रहालय निघतंय. जुन्या शिकारी बंदुकांचं एक कपाट ठेवणार आहेत. त्यात आमच्या आबांच्या नावानं आपली ठेवायची. दसऱ्याला तिथल्या कर्णिकसाहेबांना घेऊन येतो. मी त्यांना सांगितलंय, स्क्रूपासून नळीपर्यंत एक भाग बदललेला नाही. आणि हे मी म्हणत नाही म्हटलं, भुजंगराव इंगवले म्हणतात. तर साहेब म्हणाले, मग बघायचं काय राहिलं!"

"दसऱ्याला?" ह्यांनी विचारलं.

"परवाच की."

ह्यांचा चेहरा पडला. मला काय वाटणार? वाटलं, शालनची आठवण घरातनं जाणार म्हणून जीव गलबलला. मी कपबशा उचलल्या त्या जरा आपटूनच.

आता ह्यांचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे पूर्वी एका संस्थानाच्या शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात कामाला होते. संस्थानं गेली, शिलेखान्याला कुलूप लागलं, तेव्हा ह्यांनी घराच्या पुढच्या सोप्यात दुकान टाकलं. बंदुका दुरुस्त करायच्या. पण खरं नाव झालं ते पारखीसाठी. ठासणीच्या बंदुका घेऊन लोक लांबलांबून यायचे. ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजानं ठासायची, मागं एवढीशी टोपी बसवायची, चाप ओढला की वरचा वाकडा घोडा टोपीवर आपटतो आणि बार होतो. शंभर-सव्वाशे वर्षांच्या त्या बंदुका. कुणाच्या पणजोबाला सरकारनं दिलेली, कुणाच्या आजोबानं वाघ मारलेली. घेऊन येणाऱ्याला एकच ऐकायचं असायचं, की आमची अस्सल आहे.

हे आधी नुसते बघत बसायचे. मग लाकूड आणि पितळ जिथं मिळतं तिथून हळूहळू नख फिरवायचे. मला एकदा सांगितलं होतं, लाकूड आक्रसतं, पितळ आक्रसत नाही, पण इतकी वर्षं शेजारी राहून दोघं एकमेकांना जागा करून देतात. नवा भाग आणून बसवला की ती जागा नखाला लागते. मग स्क्रूच्या खाचा बघायच्या, आतली कळ उघडून कारागिरानं घातलेल्या खुणा जुळवायच्या. आणि जो भाग बदललेला सापडेल त्याला लाल दोरा बांधायचे. ही ह्यांची रीत. गज बदललाय? एक दोरा. घोडा बदललाय? दुसरा. माणसं हातापाया पडायची, "भुजंगराव, तोंडानं सांगा, पण दोरा नको." हे ऐकायचे नाहीत. दोरा बांधूनच बंदूक परत द्यायचे. वाटेत मालकानं सोडून टाकला तर टाकला, पण ह्यांच्या दुकानातून बदललेला भाग बिनदोऱ्याचा कधी बाहेर गेला नाही.

माझे अण्णा आमच्या दिवाळसणाला मुरगूडहून आले, ते धोतरात गुंडाळून आपली बंदूक घेऊन आले. जावयाच्या भिंतीवर पहिल्या सासऱ्याची बंदूक आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आमची पण काही कमी नाही, हे दाखवायचं होतं त्यांना. दोघे समोरासमोर बसले. मी दाराआड उभी. ह्यांनी पहिला दोरा बांधला, गजाला. अण्णा हसले. दुसरा घोड्याला. तिसरा चापाच्या कडीला. चौथा दस्त्याला, म्हणजे अख्ख्या लाकडालाच! "नळी मूळची आहे अण्णा, चांगली आहे," हे म्हणाले.

"म्हणजे नळी तरी आमची हाय म्हणायची," अण्णा म्हणाले. जेवायला बसले, पण पुरणपोळी दुसऱ्यांदा घेतली नाही. त्या बंदुकीची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

ते गेल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. "सासऱ्यासाठी एक दोरा कमी बांधला असता तर हात झडले असते का?"

"अगं, बदलली म्हणजे वाईट थोडीच? चालत राहावी म्हणून बदलली. पण बदललीय ते सांगायला नको?"

"मग ती?" मी भिंतीकडं बोट केलं. "तिला कसा एकसुद्धा दोरा नाही?"

"तिला नाही."

"आणि तिच्या बापाला कधी चार बांधले असते का तुम्ही?"

हे एवढंच म्हणाले, "तू त्या बंदुकीला हात लावू नको." घरातल्या बाकीच्या बंदुका मी पुसायचे, तेल द्यायचे. ही एक नाही. हिला हेसुद्धा वर्षातून एकदा नुसता बोळा फिरवायचे. शालन म्हणे दुकानात ह्यांच्या शेजारी बसायची, स्क्रू ओळखायची, कानस चालवायची. मला सोप्यात चहा द्यायला तेवढी मुभा. कधीकधी वाटायचं, माझ्याच मनगटाला कुणी लाल दोरा बांधून ठेवलाय.

संपतराव सांगून गेले आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी हे एका सरदारांच्या बंगल्यावर गेले, तिथल्या शस्त्रपूजेची हत्यारं मांडून द्यायला. घरातली हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायचं काम माझं. विळी घासली, अडकित्ता घासला, ह्यांचे हातोडे पुसले. तांब्या-पितळेची भांडी तर चिंच लावून अशी लखलखीत केली की बघत राहावं. मग वर बघितलं.

शालनबाई भिंतीवर. शेजारी तिची बंदूक, काळीकुट्ट.

मनात आलं, उद्या ही पुण्याच्या साहेबासमोर जाणार. संपतराव बघणार आणि म्हणणार, दुसरीनं आक्काच्या बंदुकीवर मळ चढू दिला. सणाला घरातला चमचासुद्धा घासते आणि हिला तेवढं वगळलं, म्हणतील. आणि दुसरंही आलं मनात, का नाही सांगू? तो काळा थर म्हणजे तिच्या हाताचा थर वाटायचा मला. जाणारच आहे ना घरातनं? मग तिचा हात पुसून जाऊ दे. खुंटीवरनं काढली, मागच्या दारी दगडावर आडवी टाकली आणि बसले पदर खोचून.

आधी दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी. चिंच-मीठ लावलं, काथ्या फिरवला. काळं सुटायला वेळ लागला, पण आतून जे पितळ वर आलं ते तांबूस, जुन्या घंगाळासारखं. बरं वाटलं. मग चापाभोवतीची कडी घेतली. तर काय सांगू, पहिल्याच हाताला काळं भसकन काथ्याला आलं! चिकट, मेणचट. बोटांना लागलं ते जाईना. हुंगून बघितलं, तर मेण आणि काजळ. आणि खालून पितळ निघालं ते पिवळंधम्मक, जसं काल बाजारातनं आणलेलं फुलपात्र.

भांडी घासण्यात माझा जन्म गेला. जुनं पितळ कुठलं आणि नवं कुठलं हे मला सांगायला पारखी नको. मी विटकरीची पूड आणि रॉकेल घेतलं आणि घोड्यावर हात चालवला. वरचा तपकिरी रंग उतरला, खाली कानशीच्या ताज्या रेघा. कडी उलटी करून आतून पुसली, तर तिथं तीन टिंबं. ही तीन टिंबं मी रोज बघायचे. हे स्वतः घडवलेल्या प्रत्येक भागाला आतल्या बाजूनं तीन टिंबं मारायचे, उद्या कुणी तो जुना म्हणून खपवू नये म्हणून.

मी तिथंच ओल्या दगडावर बसले. घोडा ह्यांनी घडवलेला. कडी ह्यांनी घडवलेली. वरून मेण-काजळ चोपडून जुनी केलेली. आणि दोरा? एकसुद्धा नाही!

ह्यांनी फसवलं कुणाला, कशाला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्या डोक्यात एकच, की माझ्या बापाला भर सणात चार दोरे, आणि तिच्या बापाला मेण-काजळ. ज्या माणसाच्या शब्दावर पुण्याचे साहेब डोळे मिटून विश्वास ठेवतात, तो माणूस एकदाच खोटं बोलला, आणि तेही तिच्यासाठी. माझ्यासाठी कधी, अगं बाई, एवढंसं सुद्धा नाही.

दुपारी हे आले. मागच्या दारी मी अजून तशीच. बंदूक दगडावर, दोन रंगांची.

"घासलीस?" ह्यांनी विचारलं.

"घासली. बसा. तुमची तीन टिंबं सापडली मला."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही तोंड सोडलं असतं. पण हे उंबऱ्यावर बसले, पायात वहाणा तशाच.

"कधी केलंत हे?"

"शालनशी लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आबा बंदूक तेलपाण्याला ठेवून गेले होते. शालन म्हणाली, मी करते, माझ्या आबांची आहे. तिच्या हातून फरशीवर पडली. कडीचे दोन तुकडे झाले, घोड्याची मान मोडली."

"मग सांगायचं तिच्या बापाला."

"रडत होती गं. म्हणाली, आबा मला काही बोलायचे नाहीत, पण त्यांना अन्न गोड लागायचं नाही. ती बंदूक म्हणजे त्यांचा जीव. मी रात्रंदिवस बसून नवे भाग केले. आबा आले, बंदूक खांद्याला लावून बघितली आणि मला विचारलं, भुजंगराव, सगळं जिथल्या तिथं? मी म्हटलं, जिथल्या तिथं. ते इतके खूश झाले की बंदूक इथंच ठेवून गेले. म्हणाले, तुमच्याइतकी हिची कदर कुणाला?"

"मग काय, शालनबाईंचा जीव भांड्यात पडला असेल."

"नाही पडला," हे म्हणाले. "त्यानंतर ती दुकानात आली नाही. मी हाक मारली तरी यायची नाही. म्हणायची, तुम्हाला मी खोटं बोलायला लावलं. बंदुकीच्या भिंतीकडं पाठ करून बसायची ती. आणि मी तेव्हापासून दोरे बांधायला लागलो."

शालन दुकानात शेजारी बसायची, हेच मला इतकी वर्षं टोचत होतं. पण वाईट वाटायला जरा वेळ लागतो हो माणसाला, आणि जळायला वेळ लागत नाही.

"माझ्यासाठी बोलला असता का असं?" मी विचारलं.

"वेणू, हे काय विचारणं झालं?"

"सरळ विचारतेय. माझ्या अण्णांचं अन्न गोड राहावं म्हणून बोलला असता?"

"अण्णांना मी खरं सांगितलं."

"तेच म्हणते मी! तिच्यासाठी खोटं आणि माझ्यासाठी खरं. उद्या काय करणार?"

"सांगणार. दोन्ही भागांना दोरे बांधून ठेवतो."

"आणि तुटली कुणाच्या हातून, तेही सांगणार?"

ह्यांनी मान खाली घातली. "तिचं नाव कशाला मध्ये? गेली बिचारी."

"बिचारी!" मी म्हटलं आणि उठून आत गेले.

दसऱ्याला दुपारी संपतराव आले, बरोबर कर्णिकसाहेब. वयस्कर माणूस, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मऊ. संपतरावांच्या हातात झेंडूचा हार होता. दारातून आत आले, भिंतीकडं बघितलं, तर खुंट्या मोकळ्या. बंदूक सोप्यात पाटावर पांढऱ्या फडक्यावर ठेवलेली, आणि घोड्याला एक, कडीला एक असे दोन लाल दोरे.

"दाजी, ही काय चेष्टा?" संपतराव हसायला गेले, पण हसू तोंडातच राहिलं.

"चेष्टा नाही. घोडा आणि कडी मूळची नाहीत. मी केलेली आहेत. बाकी सगळं अस्सल आहे."

कर्णिकसाहेब खाली बसले. चष्मा कपाळावर चढवला, बंदूक डोळ्याजवळ नेली. "काम फार सुंदर आहे हो तुमचं," ते म्हणाले. "वरचा जुना रंग असता तर कदाचित मी फसलो असतो. काही हरकत नाही, संपतराव. दोन भाग नंतरचे असं लिहून मांडू. नळी तर अप्रतिम आहे." मग दस्त्याच्या बुडाच्या पट्टीवरून हात फिरवला आणि हळहळले. "पण ही घासायला नको होती. साल काढल्यासारखी झालीय."

"घासली कुणी?" संपतराव म्हणाले.

मी दारात उभी. हे माझ्याकडं बघताहेत, मी ह्यांच्याकडं. मनात म्हटलं, बोला. एकदा बोला की 'मी घासली'. काय जातंय तुमचं?

"हिनं," हे म्हणाले.

झालं. माझ्या वाट्याला खरं ते खरंच.

संपतराव वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं माझ्याकडं नीट बघितलं. "वाटलंच मला. घासली हिनं, आणि तोडली पण हिनंच. म्हणून दोरे! दाजी, तुम्ही पाठीशी घालताय हिला. आक्कानं फुलासारखी जपली ही बंदूक, आणि ही बाई जळते आक्कावर, मला काय दिसत नाही? जाणूनबुजून आपटली असणार."

"संपतराव, हिनं तोडली नाही," हे म्हणाले.

"मग कुणी?"

हे पाटावरच्या दोऱ्यांकडं बघायला लागले.

"बोला की. नाहीतर समजायचं ते मी समजलो. वडगावात जाऊन सांगतो, दुसरीनं आक्काची बंदूक मोडली. माझी आई अजून हाय, तिला पण सांगतो."

कर्णिकसाहेब अवघडून दुसरीकडं बघायला लागले. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. तुमच्या लाडक्या आक्कानंच फरशीवर आपटली, विचारा दाजींना! एका वाक्यात तो फोटो भिंतीवरनं खाली आला असता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे उठले. आधी फोटोकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. आणि संपतरावांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"ऐका. हिच्यावर आळ घालायचा नाही. ती मोडली तेव्हा ही ह्या घरात आलीसुद्धा नव्हती. खरं ऐकायचंय तर ऐका. तुमची आक्का..."

मला ऐकू आलं ते. 'तुमची आक्का.' पुढचा शब्द ह्यांच्या ओठावर दिसत होता. इतकी वर्षं छातीशी धरलेलं, मेलेल्या बायकोचं झाकलेलं, हा माणूस तिच्या सख्ख्या भावापुढं माझ्यासाठी उघडं करायला निघाला होता. मी जे मागत होते ते माझ्या दारात येऊन उभं होतं, फक्त घ्यायचं बाकी.

"तुमची आक्का माहेरी गेली होती तेव्हा," मी म्हटलं.

दोघांनी वळून बघितलं.

"वडगावलाच आली होती की ती, तुमच्याकडं. तेव्हा मोडली. ह्यांच्या हातून. तेलाचा हात होता, निसटली. मला लग्न झाल्यावर सांगितलं ह्यांनी. तिला बिचारीला कधी कळूसुद्धा दिलं नाही."

हे माझ्याकडं बघतच राहिले. मी पदर सारखा केला आणि संपतरावांच्या नजरेला नजर दिली. खोटं बोलताना असं बघावं लागतं हे मला तेव्हाच कळलं.

"आणि आबांशी खोटं बोललात, दाजी?" संपतरावांचा आवाज खाली आला.

"बोललो," हे म्हणाले. तेवढं खरंच होतं.

संपतरावांनी हातातला हार फोटोला घातला. त्या दिवशी फोटोशी जरा जास्तच वेळ उभे राहिले. मग बंदूक फडक्यात गुंडाळली, दोऱ्यांसकट. जेवा म्हटलं तर नको म्हणाले. कर्णिकसाहेबांनी तेवढी मला आपट्याची पानं दिली आणि वाकून म्हणाले, "वहिनी, येतो." त्यानंतर संपतराव आमच्याकडं फारसे आले नाहीत.

गाडी गेल्याचा आवाज झाला तरी हे सोप्यातच उभे. मी स्वयंपाकघरात जाऊन जेवणाची पानं मांडली. हे दाराशी आले.

"का गं? तू का खोटं बोललीस?"

"तुम्ही खरं बोलणार होता म्हणून."

"पण तिला झाकलंस तू. तुझा तर तिच्यावर..."

"आहेच राग. गेला नाही अजून," मी म्हटलं आणि वरणाची वाटी पानात ठेवली. "ते गुपित इतके दिवस तुम्हा दोघांचंच होतं. मी मेली बाहेरच्या बाहेर. आता तिघांचं झालं. हात धुवा आणि बसा जेवायला."